गाडीवरचा ओरखडा घरी कसा काढावा, आणि कोणता काढू नये

गाडीवर ओरखडा पडतो तेव्हा तिथला थोडासा रंग कायमचा गेलेला असतो. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, कोणतंही क्रीम तो परत आणत नाही. आपल्या हातात दोनच उपाय राहतात. एक तर चऱ्याच्या आजूबाजूचा थर किंचित घासून चऱ्याच्या तळाला आणायचा, म्हणजे पॉलिशिंग. नाहीतर चऱ्याची खाच नव्या रंगाने भरायची, म्हणजे टच-अप. घरी बिघडलेली कामं पाहिली तर बहुतेक ठिकाणी हात कच्चा असल्यामुळे नुकसान झालेलं नसतं. भरायचा चरा घासत बसल्यामुळे झालेलं असतं. म्हणून घासायला सुरुवात करण्याआधी ओळखायला शिकू.

रंगाखाली काय असतं

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सहसा चार थर असतात. सगळ्यात खाली ई-कोट. गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने हा गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, बहुधा करडा किंवा पांढरट. त्यावर बेस कोट, ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो. आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. गाडी चकाकते ती या वरच्या थरामुळे, आणि उन्हापासून खालचा रंग जपतो तोही हाच.

हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरतात, म्हणजे आपण ज्या थरावर पॉलिश फिरवणार तो केसाहूनही पातळ. दर पॉलिशला त्यातला थोडा भाग जातो आणि जो जातो तो गेलाच. थर फार पातळ झाला की काही काळाने तिथे पांढुरके डाग दिसू लागतात, मग पापुद्रे सुटतात, आणि तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज उरत नाही.

जुन्या गाड्यांवर आणि काही साध्या, चकमक नसलेल्या रंगांवर क्लिअर कोट नसतोही. खात्री करायची असेल तर सहज न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या कापडाने थोडं पॉलिश घासून बघा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर तुम्ही थेट रंगावरच काम करताय. काम करता येतं, पण हात आणखी हलका हवा.

आधी गाडी धुवा, तीही नीट

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण मळलेल्या पत्र्यावर पॉलिश फिरवलं तर धुळीचे कण कापडाखाली येतात आणि एका ओरखड्याचे शंभर होतात. सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना धुवा. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं पत्र्यावरून फिरलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात जाड घाण दारांच्या खालच्या भागावर आणि चाकांजवळ असते.

गाडी कोरडी झाल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटं पत्र्यावरून अलगद फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. धुऊनही न गेलेले डांबराचे, झाडाच्या चिकाचे, लोखंडी धुळीचे कण तिथे बसलेले असतात. ते क्ले बारने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ, चिकट वडीने निघतात. क्लेची छोटी चकती करा, पत्र्यावर क्लेचं वंगण किंवा शाम्पूचं पाणी भरपूर फवारा आणि दाब न देता पुढे-मागे सरकवा. चकती मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडली तर टाकून द्या, धुऊन वापरायचा मोह नको.

ओरखडा किती खोल आहे?

मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. समोरून पाहिलं तर अर्धे ओरखडे दिसतच नाहीत.

पहिली परीक्षा पाण्याची. ओरखड्यावर पाण्याचा फवारा मारा. ओला असताना तो दिसेनासा झाला आणि सुकल्यावर परत आला, तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. ओरखडा डोळ्यांना दिसतो तो त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून. पाणी ती खाच तेवढ्यापुरती भरतं. असा ओरखडा पॉलिशने जायची शक्यता चांगली.

दुसरी परीक्षा नखाची. नख ओरखड्याला आडवं, अगदी हलकं फिरवा. काहीच जाणवलं नाही तर पॉलिश पुरेल. किंचित जाणवलं पण अडकलं नाही तर पॉलिशने फिका पडेल, कडा बोथट होतील, पूर्ण जाईलच असं नाही. चक्क अडकलं तर पॉलिशचा विचार सोडा.

तिसरी परीक्षा तळाच्या रंगाची. चऱ्याच्या तळाशी गाडीचाच रंग दिसतोय की वेगळा? पांढरट किंवा करडी रेघ दिसली तर प्रायमर उघडा पडलाय. धातूची चमक किंवा तांबूस गंज दिसला तर पत्र्यापर्यंत गेलंय. बंपरवर काळं दिसलं तर ते खालचं प्लास्टिक. या सगळ्यांना टच-अपच लागतो. एक फसवी गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. गडद गाडीवर क्लिअर कोटमधला साधा ओरखडाही पांढरा दिसतो आणि लोक प्रायमर दिसला म्हणून घाबरतात. म्हणून पाण्याची परीक्षा आधी.

उन्हात किंवा दिव्याखाली, पत्र्यावर पडलेल्या प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात, त्या म्हणजे स्वर्ल मार्क. रेघा खरं तर सगळीकडे आणि सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाभोवती ज्या आडव्या येतात त्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. मळक्या फडक्याने कोरडी गाडी पुसल्यामुळे आणि फिरत्या ब्रशच्या यंत्रात धुतल्यामुळे त्या येतात. पॉलिशने त्या छान जातात.

जे ओरखडे ओरखडेच नसतात

खांबाला बंपर घासतो, दुसऱ्या गाडीचा कोपरा लागतो आणि हातभर लांब पिवळा किंवा पांढरा पट्टा उमटतो. बघून पोटात गोळा येतो. पण पुष्कळदा तो पट्टा म्हणजे समोरच्या वस्तूचा रंग आपल्या रंगावर येऊन बसलेला असतो. बोट फिरवलं तर खाच लागत नाही, उंचवटा लागतो.

अशा पट्ट्याला घासण्याआधी विरघळवून बघायचं. ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दुप्पट पाणी मिसळा, मायक्रोफायबर कापडाचा कोपरा त्यात भिजवा आणि पट्ट्यावर अर्धा मिनिट टेकवून मग पुसा. नाही गेला तर डांबर काढायचं द्रावण, आधी आडबाजूला थोडं लावून बघून. तेही चाललं नाही तर क्ले बार, आणि शेवटी बोटावर गुंडाळलेल्या कापडाने थोडं कंपाउंड, म्हणजे जाडसर कणांचं पॉलिश. थिनर आणि नखांचं रिमूव्हर मात्र लांब ठेवा. परक्या रंगाबरोबर ते आपलाही रंग मऊ करतात. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर आणि प्लास्टिकवर तर हा धोका जास्तच.

हे करून झाल्यावर खाली खरे ओरखडे किती उरले ते पाहा. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

हाताने पॉलिश

वीतभर जागेतले दोन-चार हलके ओरखडे काढायला मशीन लागत नाही. कंपाउंड, त्याहून मऊ फिनिशिंग पॉलिश, दोन फोमचे ॲप्लिकेटर, चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, मास्किंग टेप आणि वर सांगितलेलं अल्कोहोलचं पाणी, एवढं सामान पुरतं. कंपाउंडमधले कण जाडसर असतात आणि जास्त कापतात, पॉलिशमधले बारीक असतात. दोन्हींचा ॲप्लिकेटर वेगळा ठेवा. एकच वापरला तर कंपाउंडचे कण पॉलिशमध्ये मिसळतात आणि चकाकी काही येत नाही.

सुरुवात मऊ पॉलिशने करायची, कंपाउंडने नाही. थोडक्यात काम होत असेल तर जास्त थर कशाला घालवायचा? पॉलिशने फरक पडला नाही तरच कंपाउंड घ्या.

आधी शेजारच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि कडा टेपने झाका. दाणेदार काळ्या प्लास्टिकवर पॉलिश सुकलं की पांढरे डाग राहतात आणि ते काढणं मूळ ओरखड्यापेक्षा अवघड जातं. ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब घ्या, जागेवर टिपून पसरा आणि मध्यम दाबाने सरळ रेषेत घासा, आधी उभं, मग आडवं. गोल गोल फिरवायची सवय बहुतेकांना असते, पण गोल घासण्याच्या खुणा कुठल्याही कोनातून चमकतात. ओरखड्यावरच बोट रेटून घासू नका, तिथे खड्डा पडतो आणि उन्हात तो लाटेसारखा दिसतो. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच बोटं जागा धरा.

तीस-चाळीस हात मारल्यावर पॉलिशचा थर अर्धपारदर्शक होतो आणि हाताला जाणवणारा विरोध कमी होतो. तेव्हा पुसा. मग अल्कोहोलच्या पाण्याने एकदा पुसून टॉर्च लावा. हे दुसरं पुसणं टाळू नका. पॉलिशमधलं तेल खाचेत बसतं आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो, दोन धुण्यांनंतर तो हजर. तेल काढून पाहिल्यावर जे दिसतं तेच खरं.

अजून दिसत असेल तर आणखी एक फेरी, फार तर दोन. तरीही उरला तर आहे तसा राहू द्या. फिका पडलेला ओरखडा तीन पावलांवरून दिसत नाही आणि क्लिअर कोट शाबूत राहतो. मला विचाराल तर इथे थांबता येणं हेच या कामातलं निम्मं कसब. कंपाउंड वापरलं असेल तर शेवटी मऊ पॉलिशची एक फेरी घ्या, म्हणजे कंपाउंडने आलेला धूसरपणा जाईल. मग रंग जपायला वर वॅक्स किंवा सीलंटचा थर.

मशीन घ्यायचं तर कोणतं

पूर्ण बॉनेट किंवा अख्खी गाडी करायची असेल तर हाताने दमछाक होते. नवख्या माणसाने डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्यावं. त्याचं पॅड फिरता फिरता डोलतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि दाब वाढला की ते फिरायचं थांबतं. गॅरेजमध्ये दिसणारं रोटरी मशीन एका अक्षावर फिरतं, झपाट्याने कापतं आणि कडेवरचा रंग काही क्षणांत उडवू शकतं. शिकायला ते नको.

एका वेळी साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा घ्या. पॅडवर चार-पाच थेंब. मशीन बंद असताना पॅड पत्र्याला टेकवा, अगदी कमी वेगावर पसरा, मग मध्यम ते थोडा वरचा वेग. हात सावकाश सरकवायचा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. उभ्या-आडव्या मिळून चार ते सहा फेऱ्या. मशीनच्या वजनाहून थोडासाच जास्त दाब पुरतो. पॅडच्या कडेवर पेनने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसत असेल तर दाब बरोबर, फिरायची थांबली तर तुम्ही रेटताय किंवा पॅड तिरकं झालंय. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर तीच पत्र्यावर घासत राहते.

दारांच्या कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेघा आणि पॅनेलचे कोपरे इथे मुळात थर पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो. तिथे टेप लावा आणि शेवटी हाताने घ्या. अधूनमधून पत्र्याला मनगटाची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बंपरवर जास्त जपा, कारण धातू उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती तिथेच धरून ठेवतं.

वॉटर पेपर

नखाला जाणवणारा पण रंगापर्यंत न गेलेला ओरखडा वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून घासायच्या बारीक सँडपेपरने काढता येतो. पहिल्याच वेळी स्वतःच्या बॉनेटवर हा प्रयोग करू नका. गॅरेजमध्ये काढून टाकलेलं एखादं फेंडर किंवा दार मिळालं तर त्यावर हात बसवा.

नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. २००० नंबरचा पेपर नवख्याने घेऊ नये, ३००० ने सुरुवात करावी, जमलं नाही तर २५००. पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजू द्या. पाण्यात शाम्पूचा थेंब टाका. पेपर बोटाने धरू नका, लहानशा फोमच्या ठोकळ्याला गुंडाळा, म्हणजे दाब सारखा पडेल. सरळ, आखूड, हलके हात मारा. सुरुवातीला पेपर किंचित ओढतो, मग खरखर कमी होते आणि पाणी दुधाळ होतं. ते दुधाळ पाणी म्हणजे तुमचा क्लिअर कोट. आठ-दहा हात मारले की पुसा, सुकवा, बघा. जागा धूसर झालेली असेल आणि त्या धूसरपणात ओरखड्याची रेघ अजून चमकत असेल. रेघ पुसट होत गेली की थांबा, ती पूर्ण जाईपर्यंत वाट पाहू नका, उरलेलं काम पॉलिश करतं.

पाण्यात गाडीचा रंग दिसला तर त्याच क्षणी हात उचला, क्लिअर कोट संपला. पांढऱ्या गाडीवर ही खूण चालत नाही, रंग आणि दुधाळ पाणी सारखंच दिसतं. म्हणून पांढऱ्या गाडीवर, आणि आधी पॉलिश होऊन गेलेल्या कुठल्याही गाडीवर, थर मोजल्याशिवाय पेपर लावू नये. थराची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते साधारणपणे धातूवरच चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. शिवाय ते सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, नुसत्या क्लिअर कोटची नव्हे. २०० मायक्रॉनच्या बरंच वर आकडा आला तर तो भाग आधी कधीतरी पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता धरा.

पेपरचा धूसरपणा हाताने घालवता येतो, पण फार वेळ लागतो. इथे मशीन हाताशी असलेलं बरं.

खोल चरा: टच-अप

नख अडकतंय, खाली प्रायमर किंवा पत्रा दिसतोय, तर भरायला पर्याय नाही. आणि हे काम दिसण्यापेक्षा गंज थांबवण्यासाठी आहे, ही अपेक्षा आधीच ठेवा. नीट जमलं तर दोन-तीन पावलांवरून कळत नाही, नाक लावून पाहिलं तर कळतं. उघड्या पोलादी पत्र्यावर ओल पोचली की गंज रंगाखालून पसरत जातो आणि आजूबाजूचा चांगला रंगही उचलतो, म्हणून हा चरा पुढे ढकलू नका. पॅनेल ॲल्युमिनियमचं असेल तर तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी धरते. रंग मात्र तसाच उचलला जातो.

गाडीचा रंग नावाने मागू नका, कोडने मागा. एकाच "सिल्व्हर"च्या अनेक छटा असतात. कोडची पट्टी बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, बॉनेटखाली किंवा डिकीत असते. मोत्यासारखी झाक असलेल्या रंगांना बेस कोट आणि क्लिअर कोट यांच्यामध्ये आणखी एक झाकेचा थर असतो, त्यासाठी दोन वेगळ्या बाटल्या लागतात. आणि कोड बरोबर असला तरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग थोडा उतरलेला असतो, त्यामुळे तंतोतंत जुळेल याची हमी नाही.

हवा कोरडी, तापमान १५ ते ३० अंश, सावली, वारा नको. दमट हवेत क्लिअर कोट सुकताना पांढुरका पडतो.

१. चऱ्यात गंज असेल तर वॉटर पेपरची अणकुचीदार घडी करून फक्त खाचेतला गंज खरवडा. बाजूचा रंग टेपने झाका. गंजाचे डाग उरले तर गंज-रूपांतरक (रस्ट कन्व्हर्टर) लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. मग अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

२. पत्रा दिसत असेल तरच प्रायमर. पातळ, फक्त तळाला. प्लास्टिक उघडं असेल तर प्लास्टिकला चिकटणारा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर रंग पुढे सालीसारखा सुटतो.

३. रंगाची बाटली दोन मिनिटं चांगली हलवा. मेटॅलिक रंगातली चकमक तळाशी बसते आणि न हलवता लावलं तर छटा चुकते. आधी कागदावर थेंब सुकवून बघा, ओल्या रंगाची छटा सुकल्यावर बदलते.

४. बाटलीच्या झाकणातला ब्रश विसरा, केसांच्या जाडीच्या चऱ्यासाठी तो झाडूच आहे. टूथपिकचं टोक घ्या. टोकावर लहानसा थेंब धरून खाचेला टेकवा आणि सोडा, रंग आपोआप खाचेत पळतो. टोक पुढे सरकवा, पुन्हा टेकवा. रंग पसरवायचा नाही, खाचेत सोडायचा.

५. अर्धा तास थांबा. मघाशी काठोकाठ भरलेली खाच आता पुन्हा बसलेली दिसेल, कारण द्रावक उडून गेलं आणि रंग आक्रसला. आणखी एक थर द्या. असे दोन-तीन, कधी जास्त. रंग पत्र्याच्या पातळीपेक्षा जरासा खाली राहिला की थांबा, वर क्लिअर कोटसाठी जागा हवी.

६. क्लिअर कोटही तसाच, थेंबाथेंबाने, दोन-तीन थर. शेवटी भराव आजूबाजूपेक्षा किंचित उंच राहिला पाहिजे.

७. आता हात लावू नका. निदान एक-दोन दिवस, आणि धीर असेल तर आठवडा. वरून कोरडा लागणारा थेंब आत मऊ असतो.

८. सपाट करायचं तर पेन्सिलच्या मागच्या रबराएवढ्या ठोकळ्याला ३००० चा पेपर लावा आणि फक्त उंचवट्यावर, ओलं ठेवून, फिरवा. मग कंपाउंड, मग पॉलिश. उंचवटा अगदी बारीक असेल आणि चरा दाराच्या खालच्या भागात असेल तर ही पायरी गाळलेली चालते.

बाजूला सांडलेला रंग लगेच अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. सुकल्यावर तो आजूबाजूच्या रंगासकट घासावा लागतो.

स्प्रेच्या डब्यांबद्दल एक इशारा. हार्डनर मिसळलेल्या, म्हणजे टू-के क्लिअर कोटच्या डब्यांत आयसोसायनेट असतात. ते श्वासावाटे गेले तर फुप्फुसांना कायमची ॲलर्जी जडू शकते, आणि धुळीचा साधा मास्क त्यांना अडवत नाही. घरच्या कामाला ते वापरू नका. साधा क्लिअर कोट घेतला तरी दारं उघडी, हातात नायट्राइलचे मोजे, आणि जवळपास ज्योत किंवा सिगारेट नको.

घरगुती युक्त्यांचं काय?

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी उथळ ओरखड्यावर थोडा फरक दिसतो. पण ते कण दातांसाठी बेतलेले आहेत, रंगासाठी नाहीत. कुठे जास्त घासतात, कुठे कमी, आणि जागा धूसर राहते. खोबरेल तेल किंवा वंगणाचा स्प्रे खाच भरून ओरखडा लपवतो, पाणी लागलं की तो परत दिसतो. नेलपॉलिश उन्हात रंग बदलतं. भांड्यांच्या घासणीबद्दल काही लिहायला नको.

जिथे पॉलिश चालतच नाही

मॅट रंगाची गाडी असेल तर कोणतंही पॉलिश लावू नका. त्या रंगाचा मॅटपणा क्लिअर कोटच्या बारीक खडबडीत पृष्ठभागातून येतो, आणि घासलं की तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो. न रंगवलेलं दाणेदार काळं प्लास्टिकही पॉलिशने सुधारत नाही. रंग जपायला वर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन) फिल्म चढवलेली असेल तर ओरखडा बहुधा फिल्मवरच असतो. बऱ्याच फिल्म उष्णतेने स्वतःच सावरतात, त्यावर गरम पाणी ओतून बघा, उकळतं नको. सिरॅमिक कोटिंग असेल तर पॉलिशने ते त्या जागेपुरतं निघून जातं आणि पुन्हा लावावं लागतं.

चऱ्याबरोबर पोचा पडला असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, गंज फुगून आला असेल किंवा चरा दोन पॅनेलवर हातभर पसरला असेल, तर ते डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं काम. विम्याचा दावा करायचा विचार असेल तर काहीही घासण्याआधी फोटो काढून ठेवा.

नंतर

पॉलिश केलेल्या जागेवर वॅक्स त्याच दिवशी लावा, जुनं वॅक्स पॉलिशबरोबर गेलेलं असतं. टच-अप केलेल्या जागेवर मात्र महिनाभर वॅक्स नको, आतलं द्रावक बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे. पहिले काही दिवस तिथे प्रेशरच्या पाण्याचा झोतही मारू नका.

पॅड आणि कापडं त्याच दिवशी कोमट पाण्यात धुवा. कंपाउंड एकदा सुकून कडक झालं की ती पुन्हा रंगावर वापरण्यासारखी राहत नाहीत. मायक्रोफायबरला फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, धागे गुळगुळीत होऊन धूळ धरेनासे होतात. आणि गाडीवर रोज बसणारी धूळ कोरड्या फडक्याने झटकायची सवय असेल तर ती सोडून आधी पाणी सोडा, मग पुसा. नाहीतर महिनाभरात टॉर्च लावल्यावर त्याच गोल रेघा पुन्हा दिसतील.